रुंबा: हवानाच्या अंगणातून मराठी वरातीत

रुंबा हे क्यूबातून जगभर गेलेले नृत्य. बॉलरूम स्पर्धांत 'लॅटिन अमेरिकन' गटात पाच नृत्ये येतात: साम्बा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. त्यांत रुंबा सर्वांत संथ. क्यूबात मात्र हे नाव वेगळ्याच, वेगवान आणि ढोलांवर चालणाऱ्या लोकनृत्याचे आहे. दोन्हींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. 1930 ते 1950 या काळात हा ताल मुंबईत आला, गोवेकर वादक आणि मराठी चित्रपटकर्मी यांच्या हातून देशभर पसरला आणि पुढे गावोगावच्या वरातीत पोहोचला. या प्रवासात नृत्यातली जोडी गळून पडली आणि ताल तेवढा उरला.

क्यूबातील उगम

क्यूबात ऊस पिकवण्यासाठी स्पॅनिश मळेवाल्यांनी आफ्रिकेतून लाखो गुलाम आणले. गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1886 मध्ये. सुटलेली माणसे कामाच्या शोधात हवाना आणि मातान्सास या बंदरांच्या शहरांत आली. तिथे ती 'सोलार' नावाच्या इमारतींत राहू लागली. मध्ये एक सामायिक अंगण आणि भोवती एकेका खोलीत एकेक कुटुंब अशी सोलारची रचना होती. मुंबईच्या चाळीत राहिलेल्याला ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी याच अंगणात गाणे-नाचणे चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुंबा आकाराला आला तो तिथे.

सुरुवातीला ढोलही नसत. खारवलेल्या माशांची आणि मेणबत्त्यांची रिकामी लाकडी खोकी उलटी करून त्यांवर हाताने ठेका धरला जाई. टिपऱ्यांसारखे दोन आखूड लाकडी दांडे एकमेकांवर आपटून मूळ ताल धरत. या दांड्यांना आणि त्यांच्या तालालाही 'क्लावे' म्हणतात. पुढे खोक्यांची जागा उभ्या ढोलांनी घेतली. बाहेरच्या जगात त्यांना कोंगा हे नाव मिळाले.

लोकरुंब्याचे मुख्य प्रकार तीन. 'याम्बू' सर्वांत जुना आणि संथ, त्यात वृद्धांच्या चालीची नक्कल असते. 'ग्वाग्वांको' हा स्त्री-पुरुषांचा नाच. पुरुष डाव साधायला बघतो आणि स्त्री हाताने, घागऱ्याने किंवा नुसत्या वळण्याने त्याला हुलकावणी देते. 'कोलुंबिया' मातान्सासच्या ऊसपट्ट्यातला असून तो पुरुषाने एकट्याने, अतिशय वेगात नाचायचा. या नाचांत जोडीने हात धरण्याची पद्धत नाही. नाचणारे समोरासमोर येतात, पण एकमेकांना धरत नाहीत. 2016 मध्ये युनेस्कोने क्यूबन रुंब्याचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

बॉलरूममध्ये प्रवेश

युरोप-अमेरिकेत रुंबा म्हणून गाजले ते संगीत या अंगणांतले नव्हते. क्यूबाच्या पूर्व भागात गिटारसारखी तंतुवाद्ये आणि आफ्रिकी ताल यांच्या मेळातून 'सोन' हा गायनप्रकार तयार झाला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तो हवानात आला आणि तिथल्या नाचघरांत स्थिरावला. त्याच भागातले 'बोलेरो' हे संथ प्रेमगीतही लोकप्रिय होते. बॉलरूम रुंबा या सोन आणि बोलेरोवर उभा आहे.

त्याला जगापुढे आणले एका शेंगदाणे विकणाऱ्याच्या गाण्याने. मोइसेस सिमोन्स यांनी रचलेले 'एल मानिसेरो' हे गाणे फेरीवाल्याच्या आरोळीवर बेतलेले होते. 1930 मध्ये डॉन अस्पियासू यांच्या हवानातील वाद्यवृंदाने ते न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केले. तबकडीचा प्रचंड खप झाला. अमेरिकन श्रोत्यांना 'सोन' हा शब्द अनोळखी होता, त्यामुळे कंपन्यांनी अशा संगीताला सरसकट 'रुंबा' म्हणून बाजारात आणले. 1935 मध्ये हॉलिवूडने याच नावाचा चित्रपट काढला. हॉटेलांच्या नाचघरांत माराकस हे तालवाद्य वाजवणारे आणि झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेले वादक दिसू लागले. लंडनमध्ये त्रिनिदादला जन्मलेल्या एडमंडो रॉस यांनी 1940 मध्ये स्वतःचा रुंबा बँड सुरू केला. त्याच्या तबकड्या ब्रिटिश साम्राज्यभर विकल्या गेल्या.

नृत्याचे नियम बांधण्याचे काम लंडनमध्ये पिएर झुर्शेर-मार्गोल या नृत्यशिक्षकाने केले. 'मॉस्यू पिएर' या नावाने तो ओळखला जाई. 1947 मध्ये त्याने क्यूबाला जाऊन तिथल्या नाचाचा अभ्यास केला. आपण शिकवतो तो चौकोनी पदन्यास आणि हवानात नाचला जाणारा पदन्यास वेगळा आहे, हे त्याच्या ध्यानात आले. परत आल्यावर डोरिस लाव्हेल या आपल्या जोडीदारणीसह त्याने क्यूबन पद्धत शिकवायला सुरुवात केली. दोन्ही पद्धतींच्या शिक्षकांत मोठा वाद झाला. 1950 च्या दशकाच्या मध्यास क्यूबन पद्धतीला मान्यता मिळाली आणि स्पर्धांत आज तीच चालते.

तालाची बांधणी आणि आकर्षण

रुंब्याचे आकर्षण त्याच्या तालातल्या एका लपंडावात आहे. सोळा मात्रांच्या आवर्तनात क्लावेचे पाचच ठोके पडतात: पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. आपल्या त्रितालातही सोळा मात्रा असतात आणि टाळ्या पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर पडतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर समेला आणि तेराव्या मात्रेला ते भेटतात. मधले ठोके मात्र चुकवतात. पाचव्या मात्रेवर टाळी अपेक्षित असताना क्लावेचा ठोका चौथ्यावरच येऊन गेलेला असतो. नवव्या मात्रेवर, जिथे त्रितालाची खाली येते तिथे, क्लावे गप्प असतो. सातव्यानंतर थेट अकराव्या मात्रेवर तो पुन्हा बोलतो. कान सम भागांत विभागणी शोधत राहतो आणि ठोका त्याला प्रत्येक वेळी थोडा चकवतो. अंग हलावेसे वाटते ते या चकव्यामुळे.

लोकरुंब्यातल्या क्लावेत तिसरा ठोका सातव्याऐवजी आठव्या मात्रेवर जातो. एका मात्रेच्या या उशिराने ताल आणखी ओढाळ होतो. बॉलरूम संगीताने बहुधा सातव्या मात्रेचा, सोनचा क्लावे घेतला.

पदन्यासातही हाच खेळ आहे. चार मात्रांच्या संगीतात नर्तक पहिल्या मात्रेवर पाऊल टाकत नाही. तो दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पाऊल टाकतो. पुढची पहिली मात्रा पावलाविना जाते आणि तेवढ्यात कंबर आपल्या जागी स्थिरावते. कमरेची प्रसिद्ध हालचाल मुद्दाम केलेली नसते. पाऊल आधी पडते, भार मागाहून येतो, गुडघा सरळ होतो आणि त्यामुळे कंबर त्या बाजूला झुकते. नवशिका कंबर आधी हलवतो आणि तिथेच फसतो. स्पर्धेतील रुंब्याची लय मिनिटाला साधारण चार मात्रांची 25 ते 27 मापे इतकी असते. एवढ्या संथ लयीत चूक लपत नाही, म्हणून पाचही लॅटिन नृत्यांत तो शरीराची सर्वांत अधिक कसोटी पाहणारा मानला जातो.

तो लोकप्रिय होण्याची कारणे मात्र साधी होती. मूळ चौकोनी पदन्यास अर्ध्या तासात शिकता येई. त्याला जागा थोडी लागे, त्यामुळे गर्दीने भरलेल्या नाचघरातही जोडी जागच्या जागी नाचू शके. वॉल्ट्झला सगळे दालन फिरावे लागते. शिवाय ग्वाग्वांकोतला पाठलाग आणि नकाराचा खेळ सौम्य रूपात बॉलरूम रुंब्यातही उतरला. जोडी जवळ येते, दुरावते, वळते, पुन्हा जवळ येते. नाचात एक छोटी गोष्ट घडते आणि ती पाहणाऱ्यालाही कळते.

मुंबईतील हॉटेले आणि गोवेकर वादक

मुंबईत पाश्चात्त्य नाचघरांची परंपरा ताजमहाल हॉटेलपासून, म्हणजे 1903 पासून जोर धरू लागली. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन जॅझ बँड ताजमध्ये आला. त्यामागोमाग क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. फॉक्सट्रॉट आणि वॉल्ट्झच्या जोडीला टँगो आणि रुंबाही वाजू लागले. नाचायला येत ते गोरे अधिकारी, संस्थानिक, पारशी आणि इतर धनिक मंडळी. शहरातल्या सामान्य मराठी माणसाला त्या दालनात वाव नव्हता.

वाजवणारे मात्र बहुतांशी गोव्याचे होते. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी वाचणे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवणे शिकवले जाई. या शिक्षणावर गोवेकर पोटासाठी मुंबईत येत. धोबीतलाव परिसरात एकेका गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कुडां'मध्ये ते स्वस्तात राहत. मूकपटाच्या काळात त्यांनी थिएटरांत पडद्याखाली बसून वाद्ये वाजवली. नंतर हॉटेलांचे बँड त्यांनी उभे केले. आल्दोन्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (1916–1967), त्यांत सर्वांत नामांकित. लुई आर्मस्ट्राँगच्या वादनाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता.

पुढच्या वळणाला दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेले आणि क्लबांचा धंदा बसला आणि वादकांची रोजी आटली. त्याच वेळी चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते. त्यांना कागदावर लिहिलेले संगीत वाचून पहिल्या फटक्यात वाजवणारे लोक हवे होते. संगीतकार पेटीवर चाल ऐकवे, गोवेकर संयोजक ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढी. अशा रीतीने नाचघराचा ताल स्टुडिओत आला. बोंगो, कोंगा आणि माराकस ही लॅटिन तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजवणाऱ्यांत पारशी वादक कावस लॉर्ड अग्रणी होते.

सी. रामचंद्र, भगवान आणि 'अलबेला'

या ताल-परंपरेला मराठी माणसांनी मोठे केले. रामचंद्र नरहर चितळकर (1918–1982) यांचा जन्म आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी शास्त्रीय संगीताचे धडे घेतले. नट व्हायला ते चित्रपटात आले, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवू लागले आणि पुढे सी. रामचंद्र या नावाने संगीतकार झाले. पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकण्याचा त्यांना नाद होता आणि चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. 'समाधी' (1950) चित्रपटातले त्यांचे 'गोरे गोरे' हे गाणे कार्मेन मिरांडाने 1945 च्या 'डॉल फेस' या हॉलिवूडपटात गायलेल्या लॅटिन गीतावर बेतलेले आहे. चाल उसनी असली तरी शब्दांचा तोल आणि लय त्यांनी अशी बसवली, की गाणे परके वाटत नाही.

त्यांचे जुने स्नेही भगवान आबाजी पालव (1913–2002) गिरणी कामगाराचे चिरंजीव. मूकपटापासून ते या धंद्यात होते. कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढून त्यांनी कामगारवर्गाचा प्रेक्षक मिळवला होता. रामचंद्रांना हिंदीत संगीतकार म्हणून पहिली संधी भगवान यांच्याच 'सुखी जीवन' (1942) या चित्रपटाने दिली. 1951 मध्ये भगवान यांनी 'अलबेला' काढला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तेच, नायिका गीता बाली आणि संगीत सी. रामचंद्र यांचे. नायकासाठी पार्श्वगायनही रामचंद्रांनी 'चितळकर' या नावाने केले. चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसले.

'शोला जो भडके' हे त्यातले गाणे बोंगोच्या ठेक्यावर उभे आहे. वेषभूषा हवाई बेटांच्या धर्तीची, ताल लॅटिन, भाषा हिंदी. नायक-नायिका एकाच ठेक्यावर शेजारी-समोर नाचतात, पण बॉलरूमसारखी मिठीत धरलेली जोडी तिथे नाही. भगवान यांची नाचण्याची तऱ्हा वेगळीच होती. गुडघे किंचित वाकलेले, कोपरे कमरेजवळ दुमडलेली, पावले लहान, खांदे आणि कंबर ठेक्याबरोबर हलती. स्थूल शरीराचा, साध्या चेहऱ्याचा माणूस फारशी उडी न मारता तालात नाचतो आहे, हे पाहून प्रेक्षकाला वाटले की हे आपल्यालाही जमेल. 'भगवानदादांची स्टेप' म्हणून ती तऱ्हा रूढ झाली. पुढच्या पिढीच्या नायकांनी, त्यांत अमिताभ बच्चन यांनीही, तिचा वापर केला.

चित्रपट त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांपैकी होता. भगवान यांनी त्यातून जुहूला बंगला आणि मोटारींचा ताफा उभा केला. पुढच्या चित्रपटांच्या अपयशात ते सगळे गेले. अखेरच्या काळात ते दादरच्या चाळीत राहत होते. गणपतीच्या मिरवणुका तिथे थांबत आणि दादांनी खाली येऊन दोन पावले नाचल्याशिवाय पुढे सरकत नसत, असे दादरकर सांगतात. त्यांच्या जीवनावर 2016 मध्ये 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला. त्यात मंगेश देसाई यांनी भगवान आणि विद्या बालन यांनी गीता बाली साकारल्या.

मराठवाड्यापर्यंतची वाट

'अलबेला' आला त्या 1951 मध्ये आजच्या जालना जिल्ह्याचा बहुतांश भाग हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. या भागातल्या खेड्यांत नाचघर कोणी पाहिलेले नव्हते. तरी ठेका पोहोचला, तो तीन वाटांनी.

पहिली वाट तंबूतल्या टूरिंग टॉकीजची. जत्रा-बाजाराच्या गावी तंबू लागे आणि गाजलेले चित्रपट शहरानंतर कितीतरी उशिरा तिथे दाखवले जात. दुसरी रेडिओची. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हे स्वतः शास्त्रीय संगीताचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर 1952 पासून अमीन सयानी यांच्या बिनाका गीतमालेने त्यांना बांधून ठेवले. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली.

तिसरी आणि सर्वांत टिकाऊ वाट बँडपथकांची. क्लॅरोनेट, ट्रम्पेट आणि ड्रम घेऊन वरातीपुढे वाजवणाऱ्या पथकांना नवे गाणे लगेच उचलावे लागे. हिंदी गाण्यातले माराकस त्यांच्याकडे 'खुळखुळे' झाले. बोंगोचा ठेका साइड ड्रम आणि ताशावर आला. जिथे बँड परवडत नसे तिथे हलगीने तो पकडला. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावात आज वरात निघते तेव्हा गाणी नवी असतात आणि डीजेची भिंत असते. पण पोरे नाचतात तो नाच घोळक्याचा असतो. कोपरे दुमडलेली, खांदे हलते, पाय जवळपास जागच्या जागी. त्यात जोडी नाही, शिक्षक नाही आणि ठरलेले पाऊलही नाही.

जोडी इथे का रुजली नाही, याचे उत्तर समाजव्यवहारात आहे. परक्या स्त्री-पुरुषांनी हात धरून सर्वांसमोर नाचणे मराठी समाजात मान्य नव्हते. तमाशातली लावणी नाचणारी स्त्री एकटी आणि पाहणारे पुरुष समोर अशी होती. मिरवणुकीतला नाच बहुतांशी पुरुषांचा आणि घोळक्याचा होता. लेझीम, ढोल आणि हलगी यांच्यावर मोकळे नाचायची सवय आधीपासून होती. नवा ताल त्या सवयीत बसला. बॉलरूमची चौकट बाहेरच राहिली.

गोव्यात टिकलेली जोडी

गोव्याचा इतिहास वेगळा आहे. सासष्टीच्या ख्रिस्ती घरांत एकोणिसाव्या शतकातच मांडो हे नृत्यगीत घडले. त्यात स्त्री-पुरुष दोन रांगांत समोरासमोर उभे राहून संथ पावलांनी सरकतात. साथीला व्हायोलिन आणि घुमट असते. युरोपीय बॉलरूमची शिस्त आणि कोकणी शब्द यांचा तो मेळ आहे. त्यामुळे पुढे आलेल्या जोडीनृत्यांना तिथे तयार जमीन मिळाली.

1950 च्या दशकात क्यूबाचे व्हायोलिनवादक एन्रिके होर्रीन यांनी चा-चा-चा ही रुंब्याहून खेळकर चाल लोकप्रिय केली. तिचे सुरुवातीचे गाजलेले गाणे 1953 चे. काही वर्षांतच ती मुंबईत आली. 1964 मध्ये चंद्रशेखर यांनी 'चा चा चा' नावाचाच हिंदी चित्रपट काढला आणि त्यात हेलन नायिका होत्या. पुढे मडगावचे ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या तबकड्यांनी या तालांना कोकणी शब्द दिले. 2014 चा 'नाचुया कुंपासार' हा कोकणी चित्रपट याच काळावर आहे. गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत आजही बँड वाजतो, नवरा-नवरी पहिल्यांदा नाचतात आणि मग पाहुण्यांच्या जोड्या उतरतात. आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सगळ्यांना दोन पावले येतात.

आजची स्थिती

मराठी शहरांत बॉलरूम रुंबा दुसऱ्यांदा आला तो दूरचित्रवाणीवरून. 2006 मध्ये ब्रिटिश कार्यक्रमाच्या धर्तीवर 'झलक दिखला जा' सुरू झाला. जोड्यांचे रुंबा, साम्बा, साल्सा घरोघरी दिसू लागले. मुंबई-पुण्यात लॅटिन नृत्याचे वर्ग वाढले. तिथे साल्सा शिकणारे सर्वाधिक असतात, कारण तो पार्टीत लगेच उपयोगी पडतो. रुंब्याकडे वळतात ते मुख्यतः स्पर्धेत उतरणारे. त्याची संथ लय आणि उशिरा स्थिरावणारी कंबर यांना वर्षानुवर्षे सराव लागतो.

त्यामुळे मराठी प्रदेशात आज रुंब्याची दोन रूपे नांदतात. शहरातल्या वर्गात आरशासमोर मात्रा मोजून शिकवला जाणारा रुंबा लंडनमध्ये बांधलेल्या नियमांचा आहे. रस्त्यावरच्या मिरवणुकीत उतरलेला ठेका चिक चॉकलेट, सी. रामचंद्र आणि भगवान यांच्या हातून आलेला आहे आणि नाचणाऱ्यांना त्याचे नाव माहीत असण्याची गरज पडत नाही. हात न धरता, अंगणातल्या गर्दीत, ज्याला जमेल त्याने नाचायचा हा प्रकार बॉलरूमपेक्षा हवानाच्या सोलारमधल्या मूळ रुंब्याला अधिक जवळचा आहे.